सहावं रीळ

मंगळवार होता, फेब्रुवारीची अकरा तारीख. सहा वर्षं झाली. रात्री आठला घड्याळजीनं दुकानाचं शटर ओढलं आणि सायकल काढून एक डबा आणायला निघाला. काम एवढंच. जायचं, डबा घ्यायचा, परत यायचं. पंधरा मिनिटांचा रस्ता.

मोबाइल खाली ठेवा आधी. तोंडावर उजेड पडला की मला बोलता येत नाही. चाळीस वर्षं थिएटरच्या वरच्या खोलीत मशीनमागे काढली आहेत, अंधाराची सवय आहे मला. आणि चिमणे, तू सख्खी पुतणी असून आल्यापासून विचारते आहेस, काका, कपाटातली ती रिळं विकणार का म्हणून. तुझे हे दोन मित्रही मघापासून कपाटाकडेच बघताहेत. चहा गार झाला तरी लक्ष नाही. तर आधी हे ऐका, आणि मग ठरवा जुनी पिक्चरं गोळा करायचा नाद करायचा की नाही.

हे माझ्या ओळखीच्या माणसाचं आहे. ओळखीच्या कसलं, घड्याळजी आणि कंपाउंडर दोघंही माझे दोस्त. एकाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, दुसरा डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधायचा, इंजेक्शनं द्यायचा. तीस वर्षं दोघांना जुन्या फिल्मांचा नाद. बंद पडलेल्या थिएटरांतून रिळं आणायची, पुसायची, सांधायची, आणि घड्याळजीच्या दुकानावरच्या खोलीत पडदा लावून रात्री बघत बसायचं. खोलीत मशीनं दोन. डावं घड्याळजीचं, उजवं कंपाउंडरचं. दोन्ही मीच बसवून दिली होती, म्हणून आतला-बाहेरचा स्क्रू न् स्क्रू मला ठाऊक.

दोन मशीनं का, ते तुम्हाला माहीत नसणार. तुमचं सगळं एका बटणावर. पिक्चर एका रिळात मावत नाही. डाव्या मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक बारीक गोल ठिपका चमकतो. तो दिसला की उजव्या मशीनची मोटर सुरू करायची. सात सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की खटका ओढायचा. याच्या दिव्यापुढची झडप बंद, त्याची उघडी. नीट जमलं तर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. या दोघांचा शिरस्ता असा होता, की ज्याच्या मशीनवर रीळ चालू असेल तो पुढं खुर्चीत बसून बघणार, आणि दुसरा मागं आपल्या मशीनपाशी उभा राहणार. खटका ओढला की उभा असलेला म्हणायचा, "घेतलं." मग बसलेला उठून मागं जाणार, आणि हा पुढं येऊन बसणार. तीस वर्षं असं चाललं. बोलायचीसुद्धा गरज नव्हती, पण कंपाउंडर "घेतलं" म्हणायचाच.

बरं. आता ते पिक्चर.

नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच नेटवर शोधायला बसाल, आणि सापडायचं काही नाही. जुनी रिळं जमवणाऱ्या मंडळींत त्याला नुसतं 'सहारिळी' म्हणत. काळं-पांढरं, गुन्हेगारीचं, आमच्या वडिलांच्या तरुणपणातलं. एक माणूस तुरुंगातून सुटतो. त्याला कोणीतरी पकडून दिलेलं असतं. बायकोनं, भावानं की भागीदारानं, हे शोधत तो पाच रिळं वणवण करतो. सहाव्यात एका लॉजचा जिना चढतो, वरच्या खोलीचं दार वाजवतो, आणि दार उघडणारा जो, तोच तो. पिक्चर चार दिवसांत उतरलं. निर्मात्यानं वैतागून प्रती भट्टीत घातल्या. फिल्मवर चांदी असायची थोडी, ती काढून विकत. पाच रिळं कुठंकुठं उरली, सहावं गेलं ते गेलंच. शेवट पाहिलेला जिवंत माणूस शिल्लक नाही.

झालं. एवढ्यावर लोक वेडे. मी ती पाच रिळं कैकदा चालवली आहेत. खरं सांगू? पिक्चर बरं आहे. नायक बोलतो कमी, खोकतो जास्त. पण उजेड मात्र असा पाडलाय, की अख्ख्या जिन्यात एकच दिवा आणि माणसाच्या आधी त्याची सावली वर पोचते. ते बघताना मलासुद्धा पान लावायचं भान राहायचं नाही. आणि त्यात ते अपुरं. बायको, भाऊ की भागीदार, यावरून अर्धी हयात भांडलेले म्हातारे मी पाहिलेत. एकानं त्यापायी दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाला जायचं टाळलं.

घड्याळजीकडे पाच रिळं होती. बावीस वर्षं लागली गोळा करायला. कुठं पत्रं टाकली, कुठं तीन-तीन दिवस प्रवास केला, कुणाकुणाची मनधरणी केली. सहाव्यासाठी तर तो काय करेल याचा नेम नव्हता.

आणि ते मिळालं कुणाला? कंपाउंडरला. ते कसं, तेही ऐका. एका बंद थिएटरचा म्हातारा पहारेकरी आजारी होता, त्याला कंपाउंडर रोज जाऊन इंजेक्शन द्यायचा. म्हातारा बरा झाला आणि म्हणाला, तुम्हाला आवड आहे ना, मग हा डबा न्या, उंदरांनी नासवण्यापेक्षा बरा. डब्यात सहावं रीळ. फुकट. एका दुपारी.

घड्याळजीच्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं, ते थांबलंच नाही.

कंपाउंडर तर धावत त्याच्याकडेच आला. म्हणाला, "मी बघितलं नाहीये हां. शपथ. मीटरवर लांबी मोजली, पूर्ण भरते. सांधे नुसते बोटांनी तपासले, डोळे मिटून. बघायचं ते आपण दोघांनी एकदम. तुझी पाच, माझं एक." असा माणूस. डोळे मिटून तपासलं त्यानं. आणि घड्याळजी काय म्हणाला? "छान." एवढंच.

मग कंपाउंडरनं उत्साहाच्या भरात सगळ्यांना पत्रं घातली. रीळ मिळालंय, पूर्ण आहे, माझा शब्द. मार्चमधला एक रविवार ठरला. गावोगावचे चौदा जण आले. पाहुणे खाली जमत होते आणि हे दोघं वर. कंपाउंडर म्हणाला, "तू एकदा रीळ पुसून ठेव, मी शेजारून खुर्च्या घेऊन येतो." आणि तो गेला.

दहा मिनिटं.

घड्याळजीनं मला नंतर स्वतःच्या तोंडानं सांगितलं. म्हणाला, खालून आवाज येत होता. सगळे त्याचं नाव घेत होते. 'शेवटी यानंच शोधून काढलं.' माझं नाव कोणी घेईना. बावीस वर्षं मी मातीत हात घातले, आणि आता टाळ्या याला. माझी पाच रिळं म्हणजे याच्या एका रिळाची प्रस्तावना. म्हणाला, माझे हात आपोआप चालले.

जिन्याचं दृश्य संपून दार दिसायला लागलं, तिथं त्यानं कात्री लावली. शेवटचे बावीस सेकंद. तेहतीस फूट फिल्म. पुढं 'समाप्त'नंतरची कोरी शेपटी होती, ती परत जोडून टाकली. घड्याळं दुरुस्त करणारा हात तो, सांधा असा बसवला की नख फिरवलं तरी लागू नये. तुकडा गुंडाळून स्प्रिंगांच्या डबीत ठेवला. कंपाउंडर दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन हसत वर आला.

मी होतो तिथं. सहावं रीळ लागलं. नायक जिना चढला. दार वाजवलं. आणि पडदा पांढरा.

मग बंगलेवाला म्हणून एक मोठा संग्राहक होता, तो म्हणाला, "पूर्ण आहे म्हणाला होतात ना?" दुसरा म्हणाला, "शेवट आधीच कुणाला विकला वाटतं." या लोकांत तुकडे कापून विकणं म्हणजे सगळ्यांत हलकं काम. कंपाउंडर उभ्या जागी पांढराफटक पडला. म्हणाला, "मी मोजलं होतं हो... मी मोजलं होतं." घड्याळजी मूग गिळून गप्प. वर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

त्यानंतर चौदांपैकी एकानंही कंपाउंडरचं पत्र उघडलं नाही की फोन उचलला नाही. तो त्या बंद थिएटरात जाऊन गुडघ्यावर बसून कचरा चिवडायचा. घरातली कपाटं रिकामी करायचा. नोव्हेंबरात दवाखान्यातच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. असेल.

त्याला सांधा सापडला नसेल का, हा माझा प्रश्न आहे. माझं ऐकाल तर सापडला होता. बोटं त्याचीही तीस वर्षांची होती. तो सांधा कुणाच्या हातचा, हे त्याला कळल्यावाचून राहणार नाही. पण बोलला नाही. बायकोला मात्र सांगून गेला, हे रीळ घड्याळजीलाच द्यायचं. का ते मला विचारू नका.

तर फेब्रुवारीची अकरा. घड्याळजी तो डबा आणायला गेला होता.

वहिनींनी, म्हणजे कंपाउंडरच्या बायकोनं, डबा जुन्या साडीत गुंडाळून ठेवला होता. पाणी दिलं. म्हणाल्या, "भावजी, हे म्हणायचे की पूर्ण होतं. शेवटपर्यंत तेच म्हणत होते. तुम्हाला त्यातलं कळतं. नीट बघून मला एवढंच सांगा, हे खोटं बोलत नव्हते ना. लोक दारावरून जाताना मान फिरवतात हो."

घड्याळजी म्हणाला, "बघतो."

बघतो, म्हणाला. डबी त्या वेळीही त्याच्या खिशात होती. अकरा महिने खिशात घेऊन हिंडत होता. तुकडा तेवढा पाहिलेला नव्हता. बल्बसमोर धरला तर नुसता काळा दिसायचा, इतकं अंधारातलं दृश्य. ते बघायला मशीनचाच दिवा हवा. आणि त्याला ते तसंच बघायचं होतं, अख्ख्या रिळाला जोडून, पडद्यावर, एकट्यानं. जगात शेवट माहीत असलेला एकच माणूस, आणि तो मी, असं त्याच्या डोक्यात. वहिनींना काय सांगायचं याचा विचार त्यानं केलाच नाही. सायकल मारत घरी आला. बायको लेकीकडे गेलेली. दोन घास कसेबसे खाल्ले, हात धुतले, वर गेला आणि कडी लावली.

सव्वादहाला त्यानं आपलाच सांधा उकलला. डबीतला तुकडा जागच्या जागी बसवला. पाचवं रीळ डाव्या मशीनवर चढवलं. म्हणजे आपल्या. सहावं उजव्यावर. पाचव्यापासून सुरुवात करायची, म्हणजे शेवटाला जोर येतो, हे त्याचं गणित. सगळं तयार व्हायला अकरा वाजून पाच मिनिटं झाली. घड्याळजीच तो, वेळ त्याची चुकत नाही.

दिवा घालवला. डावं मशीन सुरू केलं. आणि पुढं जाऊन खुर्चीत बसला.

आलं लक्षात?

नाही ना. त्याच्याही नाही आलं. तीस वर्षांची सवय. आपलं रीळ चालू आहे, तर आपण बसायचं. मागं उजव्या मशीनपाशी उभा राहणारा असतोच. गेल्या अकरा महिन्यांत त्यानं एकट्यानं पिक्चर लावलंच नव्हतं, त्यामुळं ते डोक्यातच आलं नाही. आरामात पाय पसरून बसला. नायक भावाच्या घरी गेला. भावाशी भांडला. बाहेर पडला. लॉजची पाटी.

अकरा तेवीस.

पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की मागं कोणी नाही.

उठायला हवं होतं. सात सेकंद असतात. तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणार...

मागं उजव्या मशीनची मोटर सुरू झाली.

घर्रर्र... हळू. मग सारखी.

तो तसाच. अर्धा उठलेला.

चार. पाच. सहा.

दुसरा ठिपका.

खट्.

डावं बंद, उजवं चालू. चित्र इतकंही हललं नाही. मी जन्मभर हे चेंज ओव्हर केलेत. इतकं स्वच्छ मला जमत नाही. घड्याळजीला तर कधीच जमलं नाही. ते एकालाच जमायचं.

तो वाट बघत राहिला. कशाची, ते त्यालाही कळत होतं. "घेतलं" या शब्दाची.

...

कोणी काही बोललं नाही.

हसतोस का रे? हस. मी त्या माणसाचं तोंड दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलंय. तू पाहिलेलं नाहीस.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? दार गाठलं असतं. मीही तेच केलं असतं. कडी चार पावलांवर होती. आणि घड्याळजी काय करतो? खाली बसला. पुन्हा खुर्चीत. दात वाजत होते म्हणाला. पण सहावं रीळ सुरू झालं होतं, पोरांनो. उठून गेला असता तर शेवट हुकला असता. मागं काय उभं आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच्याकडे पाठ करून हा अठरा मिनिटं पिक्चर बघत बसला. मान वळवली नाही. मागून स्पिरिटचा वास येत होता, दवाखान्यात येतो तसा. तरी नाही वळवली.

अकरा चाळीस. जिना.

सावली वर गेली. मागून माणूस. एक पायरी. दुसरी. घड्याळजी खुर्चीत पुढं सरकला.

नायक दारापाशी आला. दार वाजवलं.

मशीनमधून घड्याळजीचा ताजा सांधा गेला. टक्.

कडी काढल्याचा आवाज. दाराची फट...

आणि पडदा काळा झाला.

काळा, बरं का. फिल्म तुटली तर पडदा पांढरा होतो. मोटर चालू. दिवा चालू. आवाजही चालू. दार करकरलं. कोणीतरी दोन पावलं पुढं आलं. नायकाचा आवाज आला, "तू...?"

मग नुसता श्वास.

घड्याळजीला वाटलं, झडप पडली असेल. आणि तेव्हा तो वळला. भीतीनं नाही वळला. शेवट चालला होता आणि त्याला दिसत नव्हता, म्हणून वळला.

उजव्या मशीनच्या लेन्सपुढं कोणीतरी उभं होतं.

अगदी जवळ. लेन्सला छाती लावून म्हणावं इतकं. सगळा उजेड त्याच्यावर. तोंड मशीनकडे. पाठ याच्याकडे. उतरलेले खांदे, मागं विरळ झालेले केस, आणि कानांच्या कडेनं थोडा थोडा उजेड बाहेर येत होता. हलणारा. पिक्चर त्याच्या तोंडावर चाललं होतं.

घड्याळजी काय म्हणाला, सांगू? मला वाटलं होतं, माफ कर म्हणाला असेल. चुकलो म्हणाला असेल. मी विचारलंसुद्धा.

म्हणाला होता, "बाजूला हो. मला दिसत नाही."

...

तो बाजूला झाला नाही. वळलाही नाही.

बावीस सेकंद. घड्याळजीनं मोजले.

मग पडदा पांढरा. लख्ख. रीळ संपून शेपटी चाकावर फटाफट आपटायला लागली. लेन्सपुढं कोणी नव्हतं.

पहाटे पाचला मला फोन. "उजवं मशीन चित्र खातंय, ताबडतोब ये." मला वाटलं वेड लागलं याला. तरी गेलो. मशीन उघडलं. झडप, लेन्स, सगळं ठणठणीत. त्यानं रात्रभरात ते शेवटचं रीळ नऊ वेळा लावलं होतं. डोळे लाल. मला म्हणाला, तू बघ, तू बघ. मी लावलं. जिना आला, दार आलं, कडी वाजली. पुढं पडद्यावर बावीस सेकंद कोरा पांढरा उजेड, आणि त्यात नायकाचा आवाज, "तू...?"

रीळ काढून तो तुकडा मी हाताखालून घातला. तेहतीस फूट. एकाही चौकटीवर चित्र नाही, काचेसारखा साफ. कडेची आवाजाची बारीक पट्टी तेवढी शाबूत. चिमणे, मला ठाऊक आहे तू काय म्हणणार ते. जुनी फिल्म, स्प्रिंगांच्या डबीतलं तेल लागलं, वरून दिव्याची उष्णता, थर सुटला. मीही तेच म्हणालो. पट्टी कशी राहिली ते मला सांगता आलं नाही, पण असेल काहीतरी. फिल्म कधी काय करेल सांगता येत नाही.

तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं. कात्री, डबी, खुर्च्या आणायला गेलेला कंपाउंडर. मी हात उचलला होता, खोटं कशाला बोलू. आणि शेवटी तो काय म्हणतो? "त्यानं पाहिलं रे. माझं रीळ, मी जोडलेलं. त्यानं पाहिलं आणि मी नाही." मेलेल्या माणसावर जळत होता. मला त्याची घाण वाटली, आणि थोडी कीवही आली. मी म्हणालो, आत्ता फोन हातात घ्यायचा आणि चौदाच्या चौदा जणांना सांगायचं. माझ्या समोर. त्यानं लावले फोन. बंगलेवाल्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग शेवट काय होता?" घड्याळजीनं फोन ठेवून दिला.

मग मी म्हणालो, हे रीळ तुझ्याकडे ठेवायचं नाही. मी वहिनींना परत देतो. डबा कुठंय तो?

एक गोष्ट सांगायची राहिली. कंपाउंडरची एक सवय होती. औषधाच्या बाटलीवर लावायची लेबलं असतात ना, डिंकाची, जिभेला लावून चिकटवायची? तो ती प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून लावायचा. पिक्चर दाखवलं की तारीख, रीळ कसं आहे, आणि किती जणांनी पाहिलं. दवाखान्यातलं अक्षर, तिरपं, घाईचं. त्याच्या सगळ्या डब्यांत हे सापडेल. तीस वर्षांची लेबलं आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकावर 'पाहणारे: दोघे'.

डबा उजव्या मशीनखाली उघडा पडला होता. झाकण उलटं. रात्री डबा उघडला तेव्हा आत एकच लेबल होतं, असं घड्याळजी सांगतो. ते मार्चमधल्या त्या रविवारचं. मी वाचलं ते. 'सहावं रीळ. अपूर्ण. पाहणारे: सतरा. चूक माझी.'

हो. चूक माझी, असं लिहिलं होतं त्यानं.

मी झाकण खिडकीपाशी उजेडात नेलं. पहिल्या लेबलाच्या खालच्या जागेत दुसरं लेबल होतं.

तुम्ही म्हणाल, घड्याळजीनंच लावलं. मीही आधी त्याच्याकडेच पाहिलं. पण लेबल वाचून तो भिंतीला टेकून खाली बसला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आणि तो माणूस, अख्ख्या जगात शेवट आपण एकट्यानं पाहावा म्हणून ज्यानं हे सगळं केलं, तो स्वतःच्या हातानं असं लिहील हे मला पटत नाही. अक्षर तिरपं होतं, घाईचं. कडेला मी बोट लावलं तर डिंक बोटाला आला. अजून ओला होता.

तारीख अकरा फेब्रुवारी. वेळ अकरा एकेचाळीस. 'सहावं रीळ. पूर्ण. पाहणारे: एक.'